जॅझ, बँडमास्तर आणि आपली मुले

जॅझ म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय मराठी मनासमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. मुंबईतले एखादे महागडे हॉटेल, मंद दिवे, पेल्यांची किणकिण आणि कोपऱ्यात डोळे मिटून ट्रंपेट फुंकणारा कोणी गृहस्थ. अशा ठिकाणी मुलांचे काय काम, हा प्रश्न त्या चित्रामागोमाग येतोच. शाळेतल्या मुलांना जॅझची ओळख करून द्यावी असे मी गेल्या वर्षी आमच्या शिक्षकखोलीत बोलून गेलो, तेव्हा एका सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारले, "आणि पुढल्या वर्षी काय, कॅबरे?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न विनोदाचा असला तरी त्याचे उत्तर गंभीरपणे देण्याजोगे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही, मी कादंबऱ्या लिहितो आणि पाचोऱ्याला मुलांना मराठी शिकवतो. संगीतातला अधिकारी म्हणवून घेण्याचा माझा दावा नाही. ऐकणारा आणि शिकवणारा, एवढ्याच नात्याने लिहितो.

उत्तराचा पहिला भाग इतिहासात आहे. जॅझचा जो सर्वांत मोठा वादक मानला जातो, तो लुई आर्मस्ट्राँग हॉटेलात घडला नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले ते एक गरीब, जवळजवळ उनाड पोर. १९१२ साल संपत असताना, नव्या वर्षाच्या जल्लोषात, त्याने रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला. पोलिसांनी धरले आणि अकरा वर्षांच्या त्या मुलाची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे पीटर डेव्हिस नावाचे एक शिक्षक मुलांचा बँड चालवीत. त्यांनी या पोराच्या हाती शेवटी कॉर्नेट दिले, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ. पुढची कथा जगाला माहीत आहे. माझ्यासारख्याला त्या कथेतला आर्मस्ट्राँग जितका मोठा वाटतो, तितकाच तो डेव्हिसमास्तरही मोठा वाटतो. त्याचे नाव मात्र लोक विसरतात. शिक्षकाच्या नशिबी हे असायचेच.

उत्तराचा दुसरा भाग आपल्या घराजवळचा आहे. मुंबईत जॅझ वाजवणारे बहुसंख्य वादक गोव्याचे होते. ते कुठे शिकले? पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या गावोगावच्या चर्चला जोडून एक छोटी शाळा असे. तिथला मास्तर, ज्याला पोर्तुगीजांच्या शब्दावरून 'मेस्त' म्हणत, गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवी, व्हायोलिन हाती देई आणि चर्चमध्ये गाण्यासाठी त्यांचे गळे तयार करी. हेतू धार्मिक, पण परिणाम असा झाला की शेतकऱ्या-कोळ्यांची मुले कागदावरचे संगीत आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहजतेने वाचू लागली. ही मुले पुढे मुंबईला आली, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावच्या 'कुडां'तून राहिली, आणि पलटणींच्या बँडांत, मूकपटांच्या थिएटरांत, जहाजांवर, संस्थानिकांच्या पदरी पोटापाण्याला लागली.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा खिळा तिथेच आहे. मेस्ताने या मुलांना जॅझ शिकवला नव्हता. त्याने शिस्त शिकवली, वाचन शिकवले. जॅझचा अर्धा जीव कागदावर नसतोच. वादकाने तिथल्या तिथे, समोरच्या सोबत्याचे ऐकून, स्वतःचे काही म्हणावे लागते. ते त्यांना कोणी शिकवले? १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक. गोव्याच्या पोरांनी यांना जवळून ऐकले. तबकड्या होत्याच, पण तबकडी वादकाचे ओठ आणि त्याचा श्वास दाखवीत नाही. अल्दोना गावचा आंतोनियो शाविएर वाझ, जो 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला आणि ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, तो अशा दुहेरी शाळेतून बाहेर पडला: गावच्या मेस्ताची एक, कानांची दुसरी.

आणि त्या चिक चॉकलेटला आपण ऐकलेले आहे, हे कॅबरेवाल्या सहकाऱ्यांना सांगायला हवे. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी 'शहनाई' (१९४७) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतून ज्या चालींनी उभ्या हिंदुस्थानला ताल धरायला लावला, त्यांत जॅझचा वाटा मोठा आहे. 'अलबेला'त तर चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरच दिसतो. त्या गाण्यांवर आपले आजोबा नाचले, आणि आजी नाचली नसली तरी तिने पदराआड पाय नक्कीच हलवला असेल. जॅझ आपल्या घरात आला तेव्हा त्याने नाव सांगितले नाही, एवढेच. गाणे आले, नाव मागे राहिले. माझ्या मते मुलांशी वागायचाही हाच क्रम बरा. पण जगभर मुलांसाठी जे जॅझचे कार्यक्रम झाले, त्यांत पुष्कळदा नाव आधी येते, व्याख्या त्याहून आधी येते, आणि गाणे उरलेल्या वेळात.

या कार्यक्रमांत सर्वांत नामांकित म्हणजे लिओनर्ड बर्नस्टाइन यांचे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे ते संचालक. १९५८ ते १९७२ या काळात त्यांनी मुलांसाठी दूरदर्शनवर एकूण ५३ मैफली केल्या. त्यांतली १९६४ ची एक मैफल जॅझवर होती. हल्ली त्या चित्रफिती पाहायला मिळतात. माणूस विलक्षण! मुलांशी बोलताना आवाज लहान करीत नाही, लाडे लाडे बोलत नाही, आणि अवघड शब्द टाळण्यापेक्षा तो वाजवून दाखवतो. त्याआधी १९५५ साली मोठ्यांसाठी केलेल्या एका कार्यक्रमात त्यांनी एक गंमत केली होती. ब्लूज या गीतप्रकाराचा साचा शेक्सपिअरच्या वृत्ताशी जुळतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी 'मॅकबेथ'मधल्या दोन ओळी घेऊन तिथल्या तिथे ब्लूज करून दाखवला. शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते, ते त्या एका मिनिटात होते.

पण १९६४ च्या मैफलीबद्दल माझी तक्रार आहे. तिचे नावच 'मैफलीच्या सभागृहातला जॅझ' अशा अर्थाचे आहे, आणि जॅझ त्या सभागृहात आला आहे तो जणू नवे कपडे घालून, केस चापून. त्यात गुंथर शुलर यांची एक रचना आहे. नॅट हेंटॉफ यांनी लिहिलेली एडी जॅक्सन नावाच्या मुलाची गोष्ट वाद्यवृंदाच्या साथीने सांगितली जाते. एडी ट्रंपेट शिकतो, मेहनत करतो, बोटे तयार होतात. पण जॅझ वाजवणाऱ्यांत जातो तेव्हा नुसते सफाईने वाजवणे तिथे पुरत नाही. मनातले वाजवावे लागते आणि दुसऱ्याचे ऐकावेही लागते, हे तो हळूहळू शिकतो. गोष्ट चांगली आहे. कादंबरीकार म्हणून सांगतो, मुलांच्या गोष्टीत नायकाला आधी अपुरे पडू देणे ही धिटाईच आहे. तक्रार अशी की, एडीला जे कळले ते सभागृहातल्या मुलांना नुसते ऐकायला मिळते. ती टापटिपीने बसलेली आहेत, ऐकत आहेत, टाळ्या वाजवीत आहेत. 'आता तू काय म्हणतोस?' असे त्यांना कोणीच विचारीत नाही. जो प्रकार मुळात सवाल-जवाबाचा, त्याचा परिचय एकतर्फी व्हावा ही विसंगती मला खटकते.

न्यूयॉर्कच्याच लिंकन सेंटरने पुढे हे अंतर बरेच कमी केले. ड्यूक एलिंग्टनच्या रचनांच्या स्वरलिपी १९९० नंतरच्या दशकापासून ते शाळांना पाठवतात, आणि मुले त्या स्वतः वाजवतात. हे योग्यच. मात्र त्याच्या शेवटी स्पर्धा आहे, आणि स्पर्धा म्हटली की मला आमच्या तालुक्यातल्या समूहगीत स्पर्धा आठवतात. परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत गाणारी, हाताच्या मुठी आवळलेली मुले आठवतात. तिथल्या मुठी कदाचित सैल असतील.

आपल्याकडे शाळेत जिवंत संगीत नेण्याचे मोठे काम 'स्पिक मॅके'ने केले. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली ते सुरू केले आणि मोठमोठे कलावंत विद्यार्थ्यांपुढे सतरंजीवर आणून बसवले. ते काम शास्त्रीय आणि लोककलांचे. पण पद्धत जॅझलाही लागू पडेल अशी आहे: थोडे बोलणे, पुष्कळ वाजवणे, शेवटी प्रश्न. पद्धत उत्तम असूनही गावात तिचे काय होते ते मी पाहिले आहे. एका शाळेत (नाव कशाला?) दूरवरून आलेले सरोदवादक वाद्य लावून बसले होते आणि स्वागत, दीपप्रज्वलन, परिचय, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत यांत पन्नास मिनिटे गेली. वादनाला अर्धा तास उरला. सरोद पुन्हा लावावा लागला तो वेगळाच. मुलांनी घरी जाऊन काय सांगितले असेल? पाहुणे फार बोलले, एवढेच.

युनेस्कोने २०११ साली ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन म्हणून ठरवला. ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्रातली शाळा नसणार. ३० एप्रिलला आमच्या शाळेत मुले नसतात. असतात ती निकालपत्रके आणि त्यांवर वाकलेले मास्तर. शिवाय त्या सुमाराला खान्देशात जे ऊन असते, त्यात ट्रंपेटचे पितळ ओठाला लावणे हेच शौर्य.

तेव्हा मुंबईची वाट पाहू नये, असे माझे मत झाले. पाचोऱ्याहून मुंबई रेल्वेने सहा-सात तासांवर. चाळीस मुले नेऊन एक मैफल ऐकवायची तर वर्षाचे सहलीचे पैसे तिथेच संपतील. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक हा पियानोवादक आपल्या तीन साथीदारांसह भारतात आला तेव्हा तो मुंबई-कलकत्त्याबरोबर राजकोटलाही वाजवून गेला होता. पण असे योग पुन्हा पुन्हा येत नाहीत. जिवंत संगीत पाहिजे तर ते गावातच शोधले पाहिजे. आणि गावात ते आहे. रोज लग्नसराईत आपल्या दारावरून जाते.

खान्देशातला लग्नाचा बँड आपल्या वाचकांना सांगायला नको. ट्रंपेट, क्लॅरोनेट, सॅक्सोफोन, ढोल, साईड ड्रम, झांजा. आणि त्यांवर अहिराणी गाणी. वरातीत पाय थांबत नाहीत. आता याच यादीवरून नजर फिरवा आणि न्यू ऑर्लिन्सची आठवण काढा. तिथेही ही फुंकायची वाद्ये पलटणीच्या बँडातून लोकांत उतरली. तिथेही ती गरिबांच्या, समाजाने दूर ठेवलेल्यांच्या हाती आली. तिथेही मिरवणूक, लग्न, अंत्ययात्रा हेच त्यांचे रंगमंच. जाताना संथ आणि स्मशानातून परतताना उसळती चाल, अशी तिथल्या बँडची रीत प्रसिद्ध आहे. हे साम्य योगायोगाचे नाही. साहेबाच्या पलटणी जिथे जिथे गेल्या तिथे पितळ मागे राहिले, आणि ज्यांना दुसरे काही मिळाले नाही त्यांनी त्या पितळेतून आपले काढले.

म्हणून बँड म्हणजे जॅझ, असे मी म्हणत नाही. फरक मोठा आहे. आमचा बँड ठरलेले गाणे वाजवतो. ऐकणाऱ्याला ते ओळखू आले पाहिजे, नाहीतर नवरदेवाचे मामा खवळतात. जॅझवाला गाणे घेतो आणि त्याच्या पायावर तिथल्या तिथे दुसरी इमारत उभी करतो. तरीही वरात मारुतीच्या पारापाशी अडली, पुढे सरकेना, पोरे नाचून घामाघूम झाली तरी थांबेनात, की क्लॅरोनेटवाला गाण्याच्या बाहेर पडतो. त्या चार-पाच मिनिटांत तो जे करतो ते त्याला कोणी लिहून दिलेले नसते. ढोलवाला त्याच्याकडे बघत असतो. जॅझचे बीज नेमके तेवढेच असते. ज्याने ते ओळखले त्याला पुढचे समजावता येते.

गेल्या श्रावणात मी आमच्या शाळेत अशा एका बँडमास्तरांना बोलावले. क्लॅरोनेट वाजवतात, वय साठीच्या पुढे. बोलावणे सोपे गेले नाही. "शाळेत बँडवाला? स्नेहसंमेलनाला ठीक आहे, तासाला कशाला?" असे एकाने म्हटले, आणि त्या 'बँडवाला' शब्दात काय काय भरले होते ते महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला उलगडून सांगावे लागत नाही. हे लोक गावाच्या कोणत्या वस्तीतून येतात ते गावाला ठाऊक असते. लग्नात ते सर्वांच्या पुढे चालतात आणि पंगतीला सर्वांच्या शेवटी बसतात. खुद्द बँडमास्तर दारातच थांबले होते. मी म्हटले, "या मास्तर, बसा." ते म्हणाले, "गुरुजी, मास्तर तुम्ही. आम्ही आपले बँडमास्तर." सातवीच्या वर्गात त्यांचा नातू होता. वर्गातल्या बहुतेक मुलांना ते त्याचे आजोबा आहेत हे त्या दिवशीच कळले. त्याने कधी सांगितलेच नव्हते.

आम्ही भाषण ठेवले नाही. मास्तरांनी आधी मुलांच्या ओळखीचे एक लग्नगीत सरळ वाजवले. मग मी त्यांना एवढेच सांगितले, की वरात पारापाशी अडली आहे असे समजा. ते हसले, डोळे मिटले, आणि तेच गाणे वाकवू लागले, लांबवू लागले, मध्येच सोडून पुन्हा पकडू लागले. त्यानंतर मी लॅपटॉपवर आर्मस्ट्राँगचे वादन लावले. नाव सांगितले नाही. एक मुलगी म्हणाली, "हे पण अडले आहेत का कुठे?" समीक्षकाला यापेक्षा चांगले वाक्य सुचणे कठीण.

मग टाळ्या. ब्रुबेकच्या वाद्यवृंदाने १९५९ साली 'टेक फाइव्ह' नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. ती त्यांच्यातल्याच पॉल डेझमंड या सॅक्सोफोनवादकाची. ताल पाच मात्रांचा, तीन आणि दोन अशा वाटणीचा. पाश्चात्त्य श्रोत्यांना तो त्या काळी चमत्कारिक वाटला. आमच्या मुलांना तो दहा मिनिटांत टाळ्यांवर आला. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनात दोन आणि तीन असतात, इथे तीन आणि दोन. उलटा सदरा घालावा तसे. पारंपरिक जॅझचा झोल मात्र, ज्याला ते 'स्विंग' म्हणतात, त्यांना टाळीने येईना. मात्रेचे दोन सारखे तुकडे न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवायचा, असे मी फळ्यावर रेघा ओढून सांगत होतो. मास्तर उठले, वर्गात चालून दाखवले: एक पाय जरा रेंगाळत, दुसरा त्याला गाठत. मुले त्यांच्यामागे चालू लागली आणि स्विंग आला. फळा तसाच राहिला.

शेवटी बर्नस्टाइनचीच युक्ती केली, पण शेक्सपिअर बाजूला ठेवून. ब्लूजचा साचा साधा: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. पहिली ओळ दोनदा का? तर तेवढ्या वेळात उत्तर सुचावे म्हणून. जात्यावर ओवी रचणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवले नव्हते. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी कामाच्या लयीतच सुचत गेली. मुलांना म्हटले, दुःखाचे काही सांगा. पण रडायचे नाही. बाहेरगावाहून येणाऱ्या पोरांनी केले ते असे:

यस्टी उनी नही भो, यस्टी उनी नही
यस्टी उनी नही भो, यस्टी उनी नही
उनी तवय भरेल उनी, तिनामा जागा नही

प्रत्येक ओळ संपली की मास्तर क्लॅरोनेटवर तिला जवाब देत. भजनात झिलकरी देतात तसा. पुस्तकातली व्याख्या मी अजून सांगितलेली नाही. पुढल्या तासाला सांगेन म्हणतो.

ज्यांना आपल्या शाळेत असे काही करावेसे वाटेल, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. बँडमास्तरांना मानधन द्यावे, आणि ते नारळ-शालीत गुंडाळून न देता पाकिटात रोख द्यावे. डीजे आल्यापासून त्यांचे दिवस वाईट आहेत. आणि वेळ साधावी. तुळशीचे लग्न लागले की चांगला वादक तासाभरासाठीही मिळत नाही, मुलांच्याही परीक्षा सुरू होतात. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी या चार महिन्यांत मुहूर्त नसतात, गणपतीचे दिवस सोडले तर वाद्ये खुंटीला टांगलेली असतात, आणि शाळा मात्र भरलेल्या असतात. मास्तरांनी पुढच्या आषाढात ट्रंपेटवाल्या भाच्यालाही आणतो असे सांगितले आहे. नातवाने विचारले आहे, ढोल मी वाजवू का.